जुन्या लष्करी रायफलीवरचे शिक्के कसे वाचायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी रायफल हातात आली की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. इथली बहुतेक उदाहरणं ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफिल्ड रायफलीची आहेत, कारण शिक्क्यांचा एवढा पसारा दुसऱ्या कुठल्याही रायफलीवर क्वचितच सापडतो, आणि माझ्या हातांखालून तीच सर्वांत जास्त गेली आहे. जर्मन माउझर, रशियन मोसिन आणि जपानी अरिसाका गरजेपुरत्या येतील.

रायफल हातात आल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

ती रिकामी आहे याची खात्री करा. मॅगझिन काढा, बोल्ट (काडतूस आत ढकलून बंद करणारी दांडी) मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. मग बोल्ट काढून बाजूला ठेवा. "शंभर वर्षांत कुणी चालवली नाही" या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी गोष्ट, घासू नका. सँडपेपर, तारेचा ब्रश, गंज काढायची रसायनं, यातलं काहीही नको. लष्करी शिक्के फार खोल नसतात. तपासनीसांचे बारीक ठसे तर दोन-तीन मिलिमीटरचेच असतात आणि एका दुपारच्या उत्साहात कायमचे जातात. मऊ फडक्याने थोडं बंदुकीचं तेल लावा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुसून घ्या.

मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च घ्या आणि उजेड अगदी आडवा, लोखंडाला जवळजवळ घासून जाईल असा टाका. समोरून उजेड टाकला तर ठसा सपाट दिसतो. बाजूने टाकला की प्रत्येक अक्षराच्या कडेला सावली पडते आणि "काहीच नाही" म्हणून सोडून दिलेल्या जागी अचानक एक साल उभं राहतं. खडूची पूड किंवा टाल्कम पावडर बोटाने चोळून वरची पुसली तरी खाचेत पांढरं उरतं आणि फोटो छान येतो.

शिक्के नेमके कुठे शोधायचे?

ली-एनफिल्डवर पहिली जागा म्हणजे बट सॉकेट, अर्थात लाकडी दस्ता ज्यात बसतो ती लोखंडी कॉलर. तिच्या उजव्या बाजूला मुख्य मजकूर असतो. डाव्या बाजूकडे लोक बघत नाहीत. तिथे दुरुस्तीचे आणि विक्रीचे ठसे असतात. त्यानंतर बॅरलचा मागचा जाड भाग, बोल्टच्या दांडीचा मागचा भाग, मागच्या साईटच्या पट्टीची खालची बाजू, नोज कॅप, म्हणजे पुढच्या टोकाची लोखंडी टोपी, पुढच्या लाकडाचं खालचं टोक आणि शेवटी दस्ता.

काही शिक्के लाकडाखाली दडलेले असतात. ते बघायला लाकूड काढायचंच असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ली-एनफिल्डच्या नंबर १ प्रकारात दस्ता धरून ठेवणाऱ्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकात बसवलेल्या एका पट्टीत अडकलेलं असतं. आधी दस्त्याचा बोल्ट फिरवलात तर ते चौकोनी टोक फिरतं आणि पुढचं लाकूड आतून चिरतं. म्हणून आधी पुढचं लाकूड, मग दस्ता. हे माहीत नसल्यामुळे चिरलेली लाकडं मी इतकी पाहिली आहेत की आता रायफल हातात घेतली की आधी तीच जागा बघतो.

बट सॉकेटवर मुकुट, दोन अक्षरं, एक नाव, एक साल आणि खाली काहीतरी आकडे आहेत. हे कसं वाचायचं?

वरून खाली. समजा मजकूर असा आहे: मुकुट, त्याखाली जी.आर., मग एनफिल्ड, मग १९१६, मग एसएचटी. एल.ई., आणि शेवटी तीन उभ्या रेघा व एक चांदणी.

मुकुट आणि जी.आर. म्हणजे राजा जॉर्ज, इथे पाचवा. एनफिल्ड म्हणजे लंडनजवळचा सरकारी कारखाना. १९१६ म्हणजे हे सॉकेट आणि त्याला सलग असलेलं रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी सांगाडा) कारखान्यातून बाहेर पडलं ते साल. पुढची अक्षरं म्हणजे 'शॉर्ट ली-एनफिल्ड'. तीन रेघा म्हणजे १९०७ मध्ये आलेला मार्क ३, आणि चांदणी म्हणजे त्यात नंतर झालेला बदल. हा बदल महायुद्धाच्या घाईतला होता. मॅगझिन बंद ठेवणारी कट-ऑफची पट्टी आणि डाव्या बाजूची लांब पल्ल्याची व्हॉली साईट गाळली की रायफल लवकर बनत होती.

आता हे रायफलीवरच पडताळून बघा. चांदणी आहे आणि पुढच्या लाकडावर डावीकडे व्हॉली साईटची गोल तबकडीही आहे? मग लाकूड दुसऱ्या, आधीच्या रायफलीचं असू शकतं. चांदणीचा ठसा बाकीच्या अक्षरांपेक्षा वेगळ्या खोलीचा, किंचित तिरका आहे? मग ती नंतर ठोकलेली असू शकते.

एनफिल्डच्या जागी बी.एस.ए. असेल तर बर्मिंगहॅम, एल.एस.ए. असेल तर लंडन, लिथगो असेल तर ऑस्ट्रेलिया आणि इशापूर असेल तर बंगाल. एस.एस.ए. किंवा एन.आर.एफ. दिसलं तर थोडं थांबून बघा. पहिल्या महायुद्धात वेगवेगळ्या ठिकाणी बनलेले सुटे भाग एकत्र जोडण्याची जी योजना होती, तिच्यातून आलेली ही रायफल आहे. अशा कमी सापडतात.

'नं. १' असं लिहिलेलं असेल तर तो मजकूर १९२६ नंतरचा, कारण ही नामपद्धती त्या वर्षी आली.

मुकुटाखालची अक्षरं साल ठरवायला उपयोगी पडतात का?

पडतात, पण मर्यादेत. व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया, जानेवारी १९०१ पर्यंत. ई.आर. म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी.आर. मात्र पाचव्या जॉर्जचंही आणि सहाव्या जॉर्जचंही, म्हणून सालाशिवाय त्याचा उपयोग थोडा. इशापूरच्या रायफलींवर जी.आर.आय. दिसतं, त्यातला शेवटचा 'आय' सम्राटपदाचा. स्वातंत्र्यानंतर मुकुट जाऊन तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले आणि कारखान्याचं नाव आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी, इशापूर) असं येऊ लागलं. एकाच कारखान्याच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या की सत्तांतर दिसतं. मला हा ठसा सगळ्यात आवडतो.

सगळीकडे एक छोटा बाण आहे. तो कशासाठी?

ब्रॉड अ‍ॅरो, म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. एकटा बाण कुठेही सापडतो आणि फारसं काही सांगत नाही. त्याच्याबरोबर काय आहे ते महत्त्वाचं. सी या अक्षराच्या पोटात बाण म्हणजे कॅनडा. दोन डी मध्ये बाण म्हणजे ऑस्ट्रेलिया. बाणाखाली आय म्हणजे भारत. यू आणि बाण म्हणजे दक्षिण आफ्रिका.

दोन बाण टोकाला टोक लावून, लांबून सहा पाकळ्यांच्या चांदणीसारखे दिसणारे, असतील तर सरकारने ती रायफल सेवेतून काढून विकली. नवखा माणूस या ठशाला नक्षी समजतो. पण 'चोरीची तर नाही ना' या जुन्या शंकेला बहुतेक वेळा हाच ठसा उत्तर देतो.

रायफलीवर जे साल आहे त्याच वर्षी ती बनली, बरोबर?

साल ज्या भागावर आहे तो भाग त्या वर्षी बनला. बाकीचं तपासावं लागतं.

एकदा एक रायफल पाहायला आली, सॉकेटवर एनफिल्ड आणि १९१५. घरातली कथा अशी की ती पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत होती. मीही आधी उजवीच बाजू वाचली आणि मान डोलावली. मग आडव्या उजेडात बॅरलच्या मागच्या भागावर इशापूरची खूण आणि १९४० च्या दशकातलं साल दिसलं. पुढच्या लाकडात इशापूरला मजबुतीसाठी घालत तो आडवा स्क्रूही होता. म्हणजे बॅरल बदललेलं, लाकूड बदललेलं, आणि रायफलीचं नंतरचं आयुष्य भारतात गेलेलं. गॅलिपोली खोटं ठरलं नाही, पण खरं ठरवणारं एकही अक्षर तिच्यावर नव्हतं. घाईने डोलावलेली मान परत घेताना ओशाळलो, म्हणून आता साल शेवटी वाचतो.

फिनलंडच्या मोसिन-नागां रायफलींत हा घोळ आणखी मजेदार आहे. फिनलंडने मोसिनची रिसीव्हरं स्वतः बनवलीच नाहीत. रशियन रिसीव्हरांवर नवी बॅरलं चढवली. त्यामुळे बॅरलवर १९४० चं साल आणि लाकूड काढल्यावर रिसीव्हरच्या शेपटीच्या खालच्या बाजूला झारच्या काळातलं साल, असं एकाच रायफलीत मिळतं. चौकटीतली एस.ए. ही अक्षरं म्हणजे फिनिश लष्कर. रशियन सालापुढे लहान 'आर'सारखं जे अक्षर दिसतं ते रशियन 'ग', म्हणजे 'गोद', वर्ष. ते मॉडेलचं अक्षर समजून लोक याद्या चाळत बसतात.

आणि साल कुठल्या पंचांगातलं आहे तेही बघा. इराणसाठी चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोला बनलेल्या माउझरवर १३०९ असेल तर त्यात ६२१ मिळवा, म्हणजे १९३०. जपानी टाइप ३८ मधला ३८ म्हणजे मेजी कालगणनेचं ३८ वं वर्ष, १९०५. टाइप ९९ मधला ९९ मात्र जपानी सम्राटपरंपरेच्या २५९९ या वर्षाचा, म्हणजे १९३९. हे दोन्ही आकडे मॉडेल स्वीकारल्याचे आहेत. तुमच्या हातातली प्रत केव्हा बनली ते त्यांवरून कळत नाही.

नेपाळच्या लष्करातून आलेल्या मार्टिनी पद्धतीच्या रायफलींवर तर देवनागरी अक्षरं आणि अंक कोरलेले असतात. जगभरचे संग्राहक ज्यावर डोकं खाजवतात ते आपण सरळ वाचू शकतो. साल विक्रम संवताचं असलं तर ५७ वजा करा. जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचं असेल तर ५६.

भागांवरचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणजे रायफल बनावट आहे का?

नाही. एनफिल्डमध्ये रिसीव्हर, बॅरल, बोल्ट, साईटची पट्टी, नोज कॅप आणि पुढचं लाकूड यांवर एकच नंबर असायचा. युद्धात आणि दुरुस्तीत भाग बदलले, जुने नंबर खोडून नवे ठोकले, कधी ठोकलेच नाहीत. सगळे नंबर जुळणारी रायफल महाग विकली जाते हे खरं. पण एक नंबर आडव्या रेघेने खोडून शेजारी दुसरा ठोकलेला असेल, तर तो आर्मररचा, म्हणजे लष्करातल्या शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याचा हात आहे आणि मला तरी तो जास्त बोलका वाटतो.

एका बाबतीत मात्र जुळणं महत्त्वाचं. बोल्ट आणि रिसीव्हर यांचे नंबर वेगळे असतील तर हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं ती जागा यांतलं अंतर, गेजने मोजल्याशिवाय ती चालवू नये.

जर्मन रायफलीत नंबर स्क्रूंपर्यंत जातात. लोखंडावर लिहिणाऱ्या इलेक्ट्रिक पेन्सिलने घाईत खरडलेले नंबर आणि रिसीव्हरवर एक्स दिसला तर ती सोव्हिएत सैन्याने पकडून नंतर दुरुस्त केलेली समजा. अशा रायफलीत भाग वेगवेगळ्या रायफलींचे आणि नंबर मात्र जबरदस्तीने जुळवलेले असतात.

डी.पी., ई.वाय., एफ.टी.आर. हे काय प्रकार आहेत?

डी.पी. म्हणजे फक्त कवायतीसाठी. या रायफली गोळी झाडण्यास अयोग्य ठरलेल्या असतात. काहींच्या चेंबरला भोक पाडलेलं असतं, काहींत नुसता ठसा असतो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा.

ई.वाय. म्हणजे ग्रेनेड फेकण्यासाठी वेगळी काढलेली, साधी काडतुसं आणीबाणीपुरतीच. अशा रायफलींच्या पुढच्या लाकडावर बहुधा तांब्याची तार गुंडाळलेली असते.

एफ.टी.आर. म्हणजे कारखान्यात पूर्ण दुरुस्ती. पुढे साल असतं, आधी कारखान्याचं अक्षर. 'एफ ५३' असेल तर इंग्लंडमधला फझाकर्ली कारखाना, १९५३. नंबर ४ रायफलीवर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ली-एनफिल्डवर, डाव्या बाजूला इलेक्ट्रिक पेन्सिलने 'मार्क १/२' लिहिलेलं असेल, तर ती मूळची मार्क १ असून नंतर तिचा ट्रिगर मार्क २ च्या पद्धतीने रिसीव्हरलाच टांगला गेला. '१/३' असेल तर मूळची मार्क १ चांदणीवाली.

'यू.एस. प्रॉपर्टी' लिहिलंय. अमेरिकन सैन्याने वापरली का?

जवळजवळ नक्की नाही. ही सॅव्हेज कंपनीने अमेरिकेत चिकोपी फॉल्स इथे ब्रिटनसाठी बनवलेली नंबर ४. मार्च १९४१ च्या लेंड-लीज कायद्याखाली माल कागदोपत्री अमेरिकेच्याच मालकीचा राहून उसना दिला जात होता, म्हणून तो ठसा. नंबरातलं सी हे अक्षर चिकोपी फॉल्सचं. कॅनडाच्या लाँग ब्रँचच्या नंबरात एल असतो.

ब्रिटनमध्ये बनलेल्या नंबर ४ वर युद्धकाळात कारखान्याच्या नावाऐवजी एम ४७ सी असं काहीतरी असतं, ते बी.एस.ए.च्या शर्ली कारखान्याचं. एम म्हणजे मिडलँड्स, एन म्हणजे उत्तर, एस म्हणजे दक्षिण. नाव लपवण्याचं कारण शत्रूला कारखान्यांचा पत्ता लागू नये हे. जर्मनांनीही तेच केलं. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याचा सांकेतिक ठसा एस/४२, मग ४२, मग बी.वाय.एफ., आणि अगदी शेवटी एस.व्ही.डब्ल्यू. असा बदलत गेला. आज या सगळ्या संकेतांच्या याद्या सहज मिळतात.

पितळी चकतीवरून पलटण कळते का?

कळते, चकती शाबूत असेल तर. जुन्या एनफिल्डच्या दस्त्यावर उजवीकडे स्क्रूने बसवलेली पितळी चकती असे. तीवर बटालियन, रेजिमेंटची संक्षिप्त अक्षरं, महिना-साल आणि रॅकमधला नंबर. पहिल्या महायुद्धात घाईमुळे ती गाळली गेली, म्हणून बऱ्याच दस्त्यांवर चकतीची खोबण नसते किंवा रिकामी असते.

चकती असेल तर सावकाश काढून मागची बाजूही बघा. नव्या पलटणीकडे गेल्यावर तीच चकती उलटी करून दुसऱ्या बाजूला नवा मजकूर ठोकत. एका चकतीवर दोन पलटणी मिळतात. अक्षरांचा अर्थ लावताना त्या काळच्या सरकारी संक्षेपांच्या यादीशीच पडताळा, अंदाजाने नको.

जुन्या जर्मन रायफलींत हे आणखी सोपं. दस्त्याच्या लोखंडी पट्टीवर १२.आर.५.२४ असेल तर पायदळाची १२ वी रेजिमेंट, ५ वी कंपनी, शस्त्र क्रमांक २४.

कुठल्या शिपायाने वापरली हे कळेल का?

ब्रिटिश रायफलीच्या बाबतीत नंबर दिला आणि शिपायाचं नाव मिळालं असं होत नाही. तशी मध्यवर्ती नोंदवही उपलब्ध नाही. लढाईचं नाव तर कुठल्याच ठशात नसतं. कुणी पैसे घेऊन लढाई सांगत असेल तर ते पैसे वाचवा.

स्विस के-३१ मात्र सुखद अपवाद. दस्त्याच्या टोकाची पट्टी काढली की आत कधी कधी शिपायाचं नाव आणि त्याची तुकडी लिहिलेला कागद निघतो. तो माणूस हयात असू शकतो, म्हणून फोटो टाकताना नाव झाका.

नकली रायफल ठशांवरून ओळखता येते का?

बऱ्याचदा. खैबरच्या पट्ट्यात, दर्रा आदमखेलसारख्या ठिकाणी, हाताने बनलेल्या एनफिल्डवर ठसे नजरेने नक्कल केलेले असतात. इंग्रजी एन उलटा, कारखान्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, अक्षरं वरखाली. सगळ्यात पक्की चूक म्हणजे व्ही.आर. आणि खाली १९०१ नंतरचं साल. कारागीर हुशार असतात, पण राणी कधी वारली हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांची कारागिरी बघण्यासारखी असते, लोखंडावर मात्र भरवसा ठेवू नये.

सत्तरच्या दशकाच्या आसपासची इशापूरची ७.६२ मिलिमीटर, २ए किंवा २ए१ लिहिलेली रायफल मात्र नकली नव्हे, आणि महायुद्धातली रायफल नवं बॅरल लावून बदललेलीही नव्हे. ती नव्यानेच बनवलेली आहे.

एक ठसा मुद्दाम घासून काढलेला दिसतो. पुन्हा उठवता येईल का?

कुठला ठसा आहे ते आधी बघा. अरिसाकाच्या रिसीव्हरवरचं १६ पाकळ्यांचं शेवंतीचं फूल हे सम्राटाचं चिन्ह. शरणागतीनंतर ते हजारो रायफलींवर घासून काढलं गेलं. तिथे घासलेली जागा हाच इतिहास आहे, फूल शाबूत असणं हे अप्रूप.

नंबर घासलेला असेल तर गोष्ट वेगळी. तो उठवायच्या भानगडीत पडू नका आणि नवा तर अजिबात ठोकू नका, बहुतेक देशांत तो गुन्हा आहे. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा.

प्रूफचे, म्हणजे दाबाच्या चाचणीचे ठसे आहेत, म्हणजे चालवायला सुरक्षित?

तो ठसा चाचणीच्या दिवसापुरता. मुकुट आणि बी.एन.पी. म्हणजे बर्मिंगहॅमची व्यापारी चाचणी, आणि शेजारच्या १८.५ टन या आकड्याचा अर्थ तेवढ्या दाबाच्या काडतुसांसाठी पास. त्यानंतरची सत्तर वर्षं कुणी तपासलेली नाहीत.

कधी नंबरच धोका सांगतो. अमेरिकन १९०३ स्प्रिंगफील्डमध्ये स्प्रिंगफील्ड कारखान्याचे ८,००,००० च्या आतले आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ च्या आतले नंबर टाळतात, कारण त्या काळात पोलाद तापवण्यात चूक होऊन काही रिसीव्हर ठिसूळ झाले होते.

दस्त्यावर खाचा आहेत. मारलेल्या माणसांचा हिशेब?

हा प्रश्न दर महिन्याला येतो. सरकारी रायफलीचं लाकूड कोरणं ही शिस्तभंगाची बाब होती आणि आर्मररची नजर त्यावर असे. भिंग घ्या आणि खाचेच्या आत बघा. जुन्या खाचेत तेल, घाम आणि मळ मुरून तळ आजूबाजूच्या लाकडाएवढाच काळा झालेला असतो आणि कडा हात लागून गोलावलेल्या असतात. तळ फिकट आणि कडा बोटाला टोचत असतील, तर खाचा गेल्या काही वर्षांतल्या. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक टोचल्या.